बोटीच्या डेकसाठी मेण, तेल की वार्निश? कोकण किनाऱ्यावर संरक्षक लेप कसा निवडावा

डेकवर कोणते मेण लावावे, असे विचारणाऱ्याच्या मनात बहुधा चकाकी असते. बोट मालवणची पर्यटक बोट असो, हर्णैची मासेमारी नौका असो की मांडव्याला नांगरलेली एखाद्या हौशी माणसाची शिडाची होडी असो, या प्रश्नाचे उत्तर मात्र चकाकीवरून देता येत नाही. ज्या पृष्ठभागावर माणसाचा पाय पडतो तेथे नेहमीचे मेण लावू नये, आणि जेथे पाय कधीच पडत नाही तेथे ते अवश्य लावावे, ही पहिली विभागणी मनाशी पक्की केल्याशिवाय कोणताही डबा विकत घेऊ नये. ओल्या, मेण लावलेल्या डेकवरून घसरून झालेली इजा किनाऱ्यावरच्या घसरण्यापेक्षा अधिक गंभीर असते, कारण खाली पाणी असते, शेजारी इंजिन असते आणि दवाखाना लांब असतो.

म्हणून कामाला सुरुवात करताना कागदावर बोटीचे वरून दिसणारे साधे चित्र काढावे आणि त्यावर पाय पडणारी जागा रेघा मारून भरावी. यात चालण्याच्या पट्ट्या तर येतातच, पण प्रवासी धक्क्यावरून पहिले पाऊल ठेवतात तो नाळेकडचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा भाग, जाळे ओढताना खलाशी उभा राहतो ती काठालगतची जागा, इंजिनाच्या पेटीचे झाकण आणि शिडीच्या पायऱ्याही येतात; माणसे बाकावर पाय देऊन चढत असतील तर तो बाकही रेघांखाली घ्यावा. उरलेल्या कोऱ्या भागात केबिनच्या भिंती, कठड्याची आतली बाजू, टपाच्या कडा आणि बाहेरचा काठ राहतो. हे चित्र पाच मिनिटांत होते आणि पुढची निम्मी निवड त्यावरच ठरते.

हवामान आणि कामाचा काळ

बाहेरच्या देशांतून येणाऱ्या डब्यांवर लिहिलेले टिकाऊपणाचे आकडे आपल्या किनाऱ्यावर जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिकडे बोट वर्षातले काही महिनेच उन्हात असते आणि हिवाळ्यात झाकून ठेवली जाते. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे असे आठ महिने उभे ऊन, बाराही महिने खारे वारे आणि चार महिने पाऊस असतो. उन्हातील अतिनील किरण राळयुक्त पृष्ठभाग तोडतात, मीठ हवेतील ओलावा ओढून लेपाखाली पाणी धरून ठेवते, आणि पावसाळ्यातील दमट हवा लेप नीट वाळू देत नाही. डब्यावर एक वर्ष लिहिले असेल तर कोकणात सहा महिन्यांनी तपासणी करायची, असे धरून चालणे शहाणपणाचे आहे.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. साहजिकच डागडुजी आणि रंगकाम याच काळात, त्यातही जुलैअखेर नारळी पौर्णिमेच्या आधीच्या घाईत उरकले जाते. सुतारकाम, खिळेकाम, फायबरमधील भेगा खरवडून उघड्या करणे, जुना रंग उतरवणे या गोष्टींसाठी हा काळ योग्य आहे. परंतु वार्निश, पॉलियुरेथेन (कडक, टिकाऊ रंग) आणि इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) यांसाठी तो सर्वांत वाईट आहे. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर यांपैकी कोणताही लेप लावू नये, असा सर्वसाधारण नियम आहे आणि जुलैत कोकणात हवा त्याखाली उतरलेली फारच थोडा वेळ सापडते. ज्यांची बोट पोटापाण्यासाठी रोज समुद्रात जात नाही त्यांनी डेकचा लेप नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत करावा. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी निदान मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, बोट ओढण्यापूर्वी, पाय पडणारी जागा उरकून घ्यावी आणि पावसाळ्यात ती ताडपत्री किंवा झावळ्यांच्या शाकारणीखाली ठेवावी. ताडपत्री डेकला चिकटून बसू देऊ नये. खाली काठ्यांचा सांगाडा करून हवा खेळती ठेवावी, नाही तर अडकलेली वाफ नव्या लेपावर पांढरे डाग पाडते.

आधी परीक्षा, मग खरेदी

डेक कशाचा आहे हे मालकाला माहीत असते, पण त्यावर आज काय आहे हे पुष्कळदा माहीत नसते. फायबरच्या बोटीवर मुळात जेलकोट असतो, म्हणजे रंग मिसळलेल्या पॉलिस्टर रेझिनचा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा थर. काही वर्षांनी त्यावर कोणी ऑइल पेंट मारलेला असतो, कोणी पॉलियुरेथेन. कोपऱ्यातील लपलेल्या जागी पांढऱ्या फडक्याला थिनर लावून अर्धा मिनिट दाबून धरावे. साधा रंग असेल तर तो मऊ पडून फडक्याला लागतो. मूळ जेलकोट किंवा दोन घटकांचा (लावण्याआधी रंगात हार्डनर मिसळावा लागतो तो) पॉलियुरेथेन असेल तर फारसा फरक पडत नाही.

दुसरी परीक्षा हाताच्या तळव्याची. कोरड्या जेलकोटवर तळवा घट्ट घासून पाहावा. हाताला खडूसारखी पांढरी भुकटी लागली तर वरचा थर उन्हाने मेलेला आहे. अशा पृष्ठभागावर कितीही महाग मेण लावले तरी ते भुकटीला चिकटते आणि भुकटीबरोबरच निघून जाते. मग ओल्या बोटाने थोडे पाणी टाकून पाहावे: थेंब गोळा होऊन राहिला तर जुने मेण अजून जिवंत आहे, पाणी पसरून शोषल्यासारखे दिसले तर पृष्ठभाग उघडा पडला आहे.

तिसरी परीक्षा कानाची, आणि ती चुकवू नये. फायबरच्या बहुतेक डेकच्या पोटात प्लायवुडचा गाभा असतो. लहान हातोडीच्या लाकडी दांड्याने वीतभर अंतरावर ठोकत जावे. भरीव जागी आवाज टणक येतो. पाणी शिरून गाभा कुजला असेल तेथे तो बद्द येतो. हे पाणी बहुतेक वेळा कठड्याच्या खांबांच्या किंवा दोर बांधण्याच्या खुंट्यांच्या स्क्रूच्या भोकांतून शिरलेले असते. असा भाग असेल तर लेपाचा विचार बाजूला ठेवून आधी स्क्रू काढावा, भोक मोठे करून आतले ओले लाकूड खरवडावे, पूर्ण वाळू द्यावे, ते इपॉक्सीने भरावे आणि मग त्या भरावात स्क्रूसाठी नवे भोक पाडावे. कुजलेल्या गाभ्यावर वरून चकचकीत लेप देणे म्हणजे रोग झाकणे होय. नवा गाभा टाकायची वेळ आली तर आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लायवुडच घ्यावे.

फायबरच्या उभ्या भागांवरील मेण

आता चित्रातल्या कोऱ्या भागाकडे वळू. येथे मेण खरोखर उपयोगी पडते: ते जेलकोटची छिद्रे बुजवते, मीठ व माशाचे रक्त बसू देत नाही आणि ऊन आधी स्वतःवर घेते.

बाजारात मिळणाऱ्या मेणांचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. पहिले नैसर्गिक मेणावर आधारलेले. त्यांतील कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण सर्वांत कठीण असते आणि ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते. एप्रिलच्या दुपारी गडद निळ्या किंवा तपकिरी पृष्ठभागावर हात ठेववत नाही; तेथे मधमाशांचे किंवा पॅराफिनचे मेण मऊ होऊन धूळ धरू लागते. म्हणून आपल्याकडे कार्नोबाचे प्रमाण जास्त असलेले मेण घ्यावे. शुद्ध कार्नोबा इतके कठीण असते की हाताने पसरवता येत नाही, त्यामुळे डब्यात द्रावक आणि इतर मेणे मिसळलेलीच असतात. ‘शंभर टक्के’ अशा शब्दांना फार महत्त्व देऊ नये.

दुसरा प्रकार कृत्रिम पॉलिमरचा. हा लेप मेणापेक्षा पातळ, लावायला सोपा आणि टिकायला अधिक चांगला असतो. भर उन्हातील भागावर नैसर्गिक मेण आपल्याकडे साधारण दोन-तीन महिने काम करते, तर चांगला पॉलिमर त्याच्या जवळपास दुप्पट. मात्र पॉलिमरला पूर्ण स्वच्छ पृष्ठभाग लागतो. जुन्या मेणावर तो धरत नाही. त्याच्यावर मेण चालते, त्याच्याखाली नाही. तिसरा प्रकार सिरॅमिक लेपांचा. तो सर्वांत टिकाऊ आहे, परंतु त्याआधीची घासाई निर्दोष असावी लागते, तो उन्हात आणि दमट हवेत बिघडतो, आणि एकदा चुकीचा बसला की घासूनच काढावा लागतो. बंद शेडमध्ये काम करण्याची सोय नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या वापराच्या बोटीला पॉलिमर आणि वर्षातून एकदा सजणाऱ्या हौशी बोटीला कार्नोबा, ही निवड मला योग्य वाटते.

गाडीसाठीचे मेण चालते का, असे अनेक जण विचारतात. केबिनच्या भिंतीवर ते चालते, जरी लवकर संपत असले तरी. पण डॅशबोर्डची आणि टायरची चमकणारी पॉलिश बोटीवर आणूच नयेत. त्यांत सिलिकोनचे तेल असते, ते पृष्ठभागाच्या सूक्ष्म छिद्रांत उतरते, आणि पुढे कधी रंग द्यायची वेळ आली की रंगाचा थर जागोजागी फाटून त्यात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम गोड्या पाण्याने भरपूर धुऊन मीठ काढावे. कोरडे फडके मारून मीठ पुसले तर मिठाचे खडे पृष्ठभागावर ओरखडे पाडतात. नंतर सौम्य साबण आणि मऊ ब्रश. डिझेलचे डाग आणि जुने मेण यांसाठी द्रावक वापरावा: एका फडक्याने ओला करावा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा आणि फडकी वारंवार बदलावी. एकच फडके फिरवत राहिले तर मेण निघत नाही, नुसते इकडचे तिकडे होते. पृष्ठभाग भुकटी सोडत असेल तर त्यानंतर रबिंग कंपाउंड, म्हणजे वरचा थर बारीक घासून काढणारी पेस्ट. येथे हात आवरता घ्यावा, कारण प्रत्येक घासाईत त्या अर्ध्या मिलिमीटरमधला थोडा थर कायमचा जातो. कडा आणि कोपरे सर्वांत आधी झिजतात. घासताना आतल्या काचतंतूंची वीण किंवा गडद छटा दिसू लागली तर ताबडतोब थांबावे. त्या बोटीला आता मेणाची नाही, रंगाची गरज आहे. फार मेलेल्या पृष्ठभागावर कंपाउंडच्या आधी ८०० आणि मग १२०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हाताने फिरवावा. मशीन वापरायचे तर वेग कमी ठेवावा आणि एका जागी रेंगाळू नये, नाही तर जेलकोट जळतो.

मेण लावताना बोट सावलीत असावी आणि पृष्ठभाग हाताला थंड लागावा. दव वाळल्यानंतरचे सकाळचे दोन-तीन तास सर्वांत चांगले. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्यावा, ओलसर स्पंजवर नखाएवढे मेण घेऊन पातळ थर फिरवावा, त्यावर धूसर साय दिसू लागली की स्वच्छ सुती किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसून चकाकी काढावी, आणि मगच पुढच्या भागाला हात लावावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही. जास्तीचे मेण पुसूनच टाकावे लागते. एक दिवस सोडून दुसरा पातळ थर दिल्यास पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरून निघतात. चित्रातल्या रेघांच्या कडेने आधी कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी, म्हणजे फडके चुकूनही चालण्याच्या जागेवर जाणार नाही.

पाय पडणारी जागा

या भागाला खरे तर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी दिला जातो. साच्यातून काढलेल्या फायबरच्या डेकवर बहुधा बारीक चौकटींची किंवा दाण्यांची नक्षी असते. या नक्षीचे उंचवटे पायाला धरतात आणि खाचांत मळ, माशाचे तेल आणि शेवाळ साचते. नक्षी अजून शाबूत असेल तर तिला लेपापेक्षा घासणे अधिक हवे असते: ताठ पण तारेचा नसलेला ब्रश, साबणाचे पाणी, दोन दिशांनी घासणे आणि भरपूर गोडे पाणी. त्यानंतर काही लावायचेच असेल तर केवळ घसरण न वाढवणारा, चालण्याच्या डेकसाठी म्हणून बनवलेला पॉलिमर वापरावा, तोही ब्रशने खाचांत नेऊन वरचा जादा भाग पुसून टाकावा. डब्यावर चालण्याच्या पृष्ठभागासाठी असा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते उत्पादन येथे वापरू नये, मग विक्रेता काहीही सांगो.

लावल्यावर परीक्षा घ्यावी. बोट धक्क्याला घट्ट बांधलेली असताना एक छोटा भाग समुद्राच्या पाण्याने ओला करून त्यावर साबणाचे दोन थेंब टाकावेत आणि हाताने कठडा धरून अनवाणी पायाने पुढेमागे जोर देऊन पाहावा. आपल्याकडे खलाशी अनवाणीच काम करतात आणि मासे चढवताना डेकवर पाणी, रक्त, खवले आणि तेल एकदमच असते. नुसत्या पाण्यावर घेतलेली परीक्षा येथे पुरेशी नाही.

नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर वाळू भुरभुरून दिलेला रंग हा उत्तम उपाय आहे. पृष्ठभाग आधी द्रावकाने पुसून मगच पॉलिश पेपरने घासावा. हा क्रम उलटा करू नये, कारण मेण असलेल्या जागेवर पेपर मारला की मेण ओरखड्यांत खोल बसते आणि मग निघत नाही. नव्या बोटीवर तर साच्यातून सुटण्यासाठी लावलेले मेण आधीपासूनच असते. ८० ते १२० नंबरच्या पेपरने एकसारखी मंद झळाळी येईपर्यंत घासावे, इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि त्यावर डेकच्या रंगाचा एक भरपूर हात मारावा. तो ओला असतानाच चाळणीतून कोरडी, बारीक, धुतलेली वाळू वरून इतकी भुरभुरावी की ओला रंग कोठेही चमकताना दिसू नये. रंग पूर्ण वाळला की न चिकटलेली वाळू मऊ झाडूने झाडून घ्यावी आणि वर रंगाचे दोन हात द्यावेत. वाळू किनाऱ्यावरची घेऊ नये. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचे तुकडे असतात आणि दोन्ही रंगाखाली घात करतात. चाळलेली रेती गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन उन्हात वाळवावी.

वाळूचा दाणा कोणाच्या पायाखाली येणार आहे याचाही विचार हवा. शिडीच्या पायरीवर खरखरीत दाणा चांगला, पण जेथे खलाशी गुडघे टेकून मासे निवडतात आणि जाळे अंथरतात तेथे तो कातडी सोलतो आणि जाळ्याचे धागे ओढतो. अशा जागी गोल, बारीक दाणा किंवा रंगात मिसळायचे पॉलिमरचे मणी घ्यावेत. चालण्याच्या पट्टीला चारही बाजूंनी बोटभर गुळगुळीत कडा सोडावी आणि पट्टीचे कोपरे गोल करावेत. या कडेने पाणी वाहून जाते आणि कोपऱ्यापासून रंग सुटायला सुरुवात होत नाही. रंग पांढरा, फिकट राखाडी किंवा बदामी ठेवावा. गडद डेकवर मे महिन्यात अनवाणी उभे राहता येत नाही. शुभ्र पांढऱ्यावरून उन्हाची तिरीप तांडेलाच्या (नौका चालवणाऱ्याच्या) डोळ्यांत जाते, म्हणून फिकट राखाडी मला अधिक योग्य वाटतो.

लाकडी डेक

लाकडाच्या बाबतीत दोन मार्ग आहेत आणि दोन्हींना आपल्याच किनाऱ्यावर ठळक उदाहरणे आहेत. मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झालेली ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ ही प्राचीन पद्धतीने फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधलेली आहे, आणि तिच्या सांधी नैसर्गिक राळेने बंद केलेल्या आहेत. अशा नौकेत फळ्या हलतात, फुगतात, आकसतात, म्हणून तिला लवचीक लेप लागतो. उलट गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’ ही लाकडी गाभ्यावर फायबरचे आवरण असलेली आहे. तेथे लाकडाला हवा आणि पाणी यांपासून पूर्ण तोडलेले असते. लाकूड एक तर श्वास घेऊ द्यावे, नाही तर सर्व बाजूंनी बंद करावे. वरून कडक वार्निश आणि खालून उघडे लाकूड ही मधली स्थिती सर्वांत लवकर बिघडते, कारण खालून शिरलेला ओलावा वर येऊन लेप उचलतो.

सागाचा डेक असेल आणि त्यावर चालायचे असेल तर त्याला काहीही लावू नये, हे ऐकायला विचित्र वाटले तरी सर्वांत खात्रीचे उत्तर आहे. सागात स्वतःचे तेल असते, उघडा साग ओला असतानाही पायाला धरतो, आणि उन्हाने येणारा रुपेरी करडा रंग फक्त पृष्ठभागावरचा असतो. त्याला आठवड्यातून एकदा समुद्राच्या पाण्याने मऊ ब्रशने, तंतूंच्या आडव्या दिशेने धुवावे. तंतूंच्या दिशेने ताठ ब्रश किंवा दाबाच्या पाण्याचे मशीन मारले तर मधला मऊ भाग निघून जातो, लाकडावर चर पडतात, आणि ते सपाट करायला रंधा मारावा लागतो. म्हणजे डेकचे आयुष्यच कमी होते.

सोनेरी रंग हवाच असेल तर तेल किंवा सागासाठीचा सीलर (लाकडाची छिद्रे बंद करणारा पातळ लेप) यांपैकी निवड करावी लागते. दुकानात ‘टीक ऑइल’ म्हणून मिळणारे तेल सागातून काढलेले नसते. ते बहुतेक वेळा जवसाचे किंवा टंग तेल, द्रावक आणि थोडी राळ यांचे मिश्रण असते. रंगाऱ्याकडचे बेलतेलही जवसाचेच. जवसाच्या तेलावर बुरशी पोसते, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात लाकूड काळे पडते. म्हणून मी पाय पडणाऱ्या डेकसाठी तेल सुचवत नाही. बुरशीरोधक असलेला सीलर त्यापेक्षा बरा, पण तोही दर तीन-चार महिन्यांनी द्यावा लागतो, आणि तो नियम मोडला तर डागाळलेला डेक पुन्हा मुळापासून साफ करावा लागतो.

पारंपरिक तेलांचे स्थान वेगळे आहे. माशाचे तेल आणि राळ, तसेच काजूच्या टरफलाचे तेल यांचे हात होड्यांना देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. काजूच्या टरफलाचे तेल कीड आणि कुज यांविरुद्ध प्रभावी असते, परंतु ते कातडीला भाजते आणि लाकडाला गडद करते. म्हणून ते डेकच्या खालच्या बाजूला, आतल्या आडव्या वाशांना आणि पाणी साचणाऱ्या कोपऱ्यांना हातमोजे घालून द्यावे, पायाखालच्या जागेला नाही. आंब्याच्या लाकडाच्या होडीला सागासारखे स्वतःचे संरक्षण नसते. तिला असे काही ना काही दिलेच पाहिजे.

वार्निश कठडा, केबिनची दारे, सुकाणूचा दांडा अशा हाताच्या जागांसाठी राखावे. मरीन किंवा स्पार वार्निशच घ्यावे, कारण त्यात लवचीक तेल आणि अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात. घरातील फर्निचरचे वार्निश त्याच जागी एका उन्हाळ्यात तडकते. लाकडाच्या धारदार कडा आधी घासून गोल कराव्यात. धारेवरून वार्निश दोन्हीकडे ओघळून नेमके तेथेच पातळ राहते आणि लेप फुटतो तो तेथूनच. साग असेल तर पहिल्या हाताच्या लगेच आधी ॲसिटोनने पुसून वरचे तेल काढावे. पहिला हात निम्मे थिनर घालून द्यावा म्हणजे तो लाकडात मुरतो, दुसरा पाव भाग थिनर घालून, आणि पुढचे जवळजवळ घट्टच. दोन हातांच्या मध्ये २२० आणि नंतर ३२० नंबरचा पेपर हलका फिरवून धूळ ओलसर फडक्याने टिपून घ्यावी. आपल्या उन्हाला सहाहून कमी हात पुरत नाहीत. डबा हलवू नये, त्यात बुडबुडे होतात. काडीने सावकाश ढवळून मलमलीतून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे. संध्याकाळचे दव पडण्यापूर्वी हात वाळला पाहिजे, म्हणून दुपारनंतर ब्रश हातात घेऊ नये. पुढे दर सहा महिन्यांनी एक-दोन हात चढवत राहिले तर हे काम वर्षानुवर्षे टिकते. चकाकी जाऊन कडेला पांढरट डाग दिसू लागला की पाणी आत शिरले असे समजावे आणि तेवढा भाग लाकडापर्यंत खरवडून पुन्हा करावा.

प्लायवुडच्या डेकला इपॉक्सी आणि काचकापडाचे आवरण द्यायचे तर लाकूड पूर्ण वाळलेले हवे, आणि प्लायच्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे तीन हात हवेत, कारण पाणी तेथूनच सर्वांत वेगाने आत जाते. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पेपरने घासण्याआधी साध्या पाण्याने आणि भांड्याच्या घासणीने धुऊन काढावा. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, म्हणून तिच्यावर पॉलियुरेथेनचा किंवा डेकचा रंग हवाच. नुसती पारदर्शक इपॉक्सी सुंदर दिसते, पण काही महिन्यांत पिवळी पडून भुकटी सोडू लागते.

सुरक्षितता आणि नोंद

दोन घटकांच्या पॉलियुरेथेनमधील हार्डनरात आयसोसायनेट असते आणि ते फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. फवारा मारायचा असेल तर शुद्ध हवा पुरवणारे साधन असलेल्या कारागिराकडूनच काम करून घ्यावे. स्वतः करताना ब्रश किंवा रोलर वापरावा, बोट उघड्यावर ठेवावी आणि सेंद्रिय वाफेसाठीच्या डब्या असलेला मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल येथे काहीच उपयोगाचा नाही. पॉलिस्टर रेझिनचा हार्डनर डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून तो मोजताना चष्मा हवाच. जवसाचे तेल किंवा तेलयुक्त वार्निश लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात. ती उघड्यावर एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत. धुण्याचे आणि घासण्याचे काम शक्यतो किनाऱ्यावर करावे आणि द्रावकाची फडकी खाडीत जाऊ देऊ नयेत.

काम संपल्यावर केबिनच्या एखाद्या झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावे: कोणत्या भागावर कोणते उत्पादन, किती हात, कोणत्या महिन्यात, आणि खाली प्रायमर कोणता. इपॉक्सीवर पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही, मेणावर रंग बसत नाही, एका घटकाच्या साध्या रंगावर दोन घटकांचा रंग मारला तर खालचा उकलतो. म्हणून पुढच्या वेळी ब्रश हातात घेणाऱ्याला, तो मालक असो की नवा रंगारी, खाली काय आहे हे कळलेच पाहिजे.